गाडीतला सहावा कप्पा

इंदूरला पाहुणे आले की राजवाडा, सराफा आणि छप्पन दुकान दाखवून झाल्यावर आम्ही इंदूरकर आणखी एक प्रेक्षणीय गोष्ट दाखवतो. कचऱ्याची गाडी. माझी पुण्याची नणंद तर गॅलरीत उभी राहून तिचा व्हिडिओ काढते. गाणं वाजवत गाडी गल्लीत शिरते, लोक आपापल्या बादल्या घेऊन दारात येतात आणि गाडीवरचा माणूस ओल्यात सुकं मिसळलंय का ते डोळ्यांत तेल घालून बघतो. मिसळलेलं सापडलं की चारचौघांत ऐकवतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षामागून वर्षं इंदूर पहिलं येत राहिलं. त्याला अभिमान म्हणा नाहीतर माज म्हणा, तो आता आमच्या हाडीमाशी भिनलाय.

गाडीत सहा कप्पे असतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि सहावा घरगुती घातक कचऱ्याचा. ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची होती आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. म्हणजे मी आज सोललेली दुधीची सालं आणखी काही दिवसांनी बस होऊन पलासियाच्या सिग्नलला उभी असतील. मला हे मनापासून आवडतं.

सहाव्या कप्प्यापाशी मात्र कोणी थांबत नाही. तो बहुतेक रिकामाच असतो. गल्लीत विचारलं तर उत्तर एकच, "आमच्याकडे कुठे काय घातक असतं?" असं म्हणणाऱ्या कुणाच्याही सिंकखालचं दार उघडून बघा. २०१६च्या घनकचरा नियमांत या कचऱ्यात काय काय येतं ते लिहून ठेवलं होतं: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल आणि ट्यूबलाइट, जुनी औषधं, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंजा. यातलं एकही नसलेलं घर मला अजून भेटायचंय. आमच्या गल्लीत हे सगळं सुक्यात जातं, किंवा अटाल्यात, म्हणजे भंगारात, किंवा मोरीतून वाहून.

माझं म्हणणं याच्याही एक पायरी अलीकडचं आहे. कचरा वेगळा करायला हे शहर शिकलं, छान शिकलं. पण जी वस्तू पुढे सहाव्या कप्प्यात जाणार आहे, तिला घराच्या उंबऱ्यावरच अडवण्याचं सर्वेक्षण होत नाही आणि त्याला बक्षीसही नाही. ते काम घरातल्याच कोणीतरी करायचं असतं, आणि आमच्या घरात ते माझ्याकडे आलंय.

ते माझ्याकडेच यायचं कारण माझी नोकरी. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते. तिथे आम्लाच्या बाटलीला हात लावायचा तर हातमोजे, चष्मा, वर चालू असलेला एग्झॉस्ट आणि बाटलीवर नाव, तीव्रता, तारीख. लेबल नसलेली बाटली टेबलावर दिसली तर साहेब कोणाची म्हणून विचारत नसत, सगळ्यांनाच झापत. संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचे तर तेच आम्ल बाथरूमच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जुन्या बाटलीत, झाकणाला पिवळा डाग पडलेलं. लेबल मूळच्या पाण्याचं.

त्या पीथमपूरनेच मला आणखी एक धडा दिला, तोही मी नोकरी सोडल्यावर. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षं पडून असलेला घातक कचरा बारा कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला आणला. गावात संताप झाला, लोक रस्त्यावर उतरले, बंद पाळला. मग न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळा, म्हणजे सुमारे ३३७ टन कचरा जाळून झाला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे मागे उरलेली राख आणि गाळ यांचं वजन मूळ कचऱ्याहून जास्त भरलं. तो गाळ पुन्हा कुठेतरी पुरायचाच. आणि भोपाळचा तो कारखाना बनवत काय होता? सेविन नावाचं कीटकनाशक. शेतातल्या, बागेतल्या किडी मारायचं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू सुटला, तो हे औषध बनवतानाचा मधला टप्पा होता. टीव्हीवर ते कंटेनर बघताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मुंग्या-माश्यांच्या औषधापायी हे सगळं?" मी म्हटलं, "हो आई, साधारण तसंच."

त्यानंतर मी सिंकखालचं कपाट रिकामं केलं.

आता आमच्या गल्लीतल्या ॲसिडवाल्याबद्दल. सायकलला मागे क्रेट बांधून तो येतो, "फिनाइलऽऽ, एसिडऽऽ" अशी लांबलचक हाळी देतो. माल सुटा, बाटल्या कोणाकोणाच्या पिऊन टाकलेल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. आमच्याकडे नोंदवही म्हणजे त्याची स्मरणशक्ती. "भाभीजी, पिछली बार दो ली थीं आपने." आहे बापडा पोटासाठी फिरणारा, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल किती टक्के आहे, हे त्यालाही ठाऊक नाही आणि देवालाही.

ते वापरतं कोण? आपण नाही. आमच्याकडे सुगनबाई येतात, गल्लीतल्या आणखी चार घरी जातात. प्रत्येक घरात बाथरूम धुवायला तेच. एकदा त्या उशिरा आल्या आणि वैतागून सांगू लागल्या की रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठाच लागत नाही. "घिस गया, दीदी." मी त्यांचा हात हातात घेऊन खिडकीपाशी नेला. अंगठ्याचं पेर गुळगुळीत, चकाकतं, त्यावर रेषा अशी नाहीच. नखांच्या कडा पिवळट, आणि तर्जनीच्या बाजूला एक भेग, तिच्यात धुण्याच्या पावडरचे पांढरे कण अडकलेले. आम्ल, सोडा, घासणी, वर्षानुवर्षं. गव्हासाठी अंगठा द्यायचा तर अंगठा शिल्लक हवा. घरात केमिकल कमी करण्याचं हे कारण कुठल्या व्हिडिओत मी ऐकलेलं नाही, पण माझ्यापुरतं ते पहिलं आहे. बाकीची सगळी नंतर.

दिवाळीच्या साफसफाईत गल्लीतल्याच एका घरी मोरी जास्त चकचकीत व्हावी म्हणून ॲसिड टाकल्यावर वर ब्लीचिंग टाकायला सांगितलं होतं. सुगनबाई खोकत, डोळे चोळत रस्त्यावर आल्या. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली खंदकांवर सोडला होता तोच. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणाबरोबरही ब्लीच मिसळायचं नाही, त्यातून क्लोरामाइन निघतात, तीही फुप्फुसाला तशीच झोंबतात. ही एक गोष्ट तरी प्रत्येक बाथरूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवावी, आणि हिंदीतही चिकटवावी, वाचायची ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी.

आता ॲसिडऐवजी काय? सियागंजात किराण्याच्या घाऊक दुकानांत सायट्रिक ॲसिड मिळतं, साखरेसारखे पांढरे दाणे. लिंबूफूल म्हणतात ते. अर्ध्या लिटर पाण्यात टेबलचमचाभर घालून नळांवरचे पांढरे थर, बादलीची कड, गीझरखालची टाइल पुसायची. कमोडमध्ये रात्री दोन चमचे टाकून सकाळी घासायचं. बाजारच्या ॲसिडसारखं क्षणात चकाचक होत नाही. रात्रभर थांबावं लागतं. थांबलं की होतं.

मात्र एक गोष्ट इंदूरकरांनी लक्षात ठेवायची. आपल्या निम्म्या घरांत खाली कोटा फरशी आहे आणि देवघरात संगमरवर. दोन्ही चुन्याचे दगड. लिंबूफूल, व्हिनेगर, संत्र्याच्या सालींचं ते बायो-एन्झाइम, यातलं काहीही त्यांच्यावर पडलं की चकाकी खाऊन टाकतं आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. "नैसर्गिक आहे ना, मग काय होतंय" म्हणणाऱ्या एका मैत्रिणीच्या देवघरासमोर आता असा एक डाग आहे, बरोबर नैवेद्याच्या ताटाएवढा. कोट्याला साधं पाणी आणि चमचाभर साबण पुरतो. फिनेलही रोज लागत नाही. काळं फिनेल तर मी बंदच केलं. ते कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या क्रेसॉलचं असतं, आणि आमच्याकडे वावरणाऱ्या मांजरीला ती जात विषारी. मांजर फरशीवर लोळते, मग अंग चाटते.

नैसर्गिकाचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलून घेते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंकमध्ये ओतायचे ते व्हिडिओ मला रोज कोणी ना कोणी पाठवतं. फसफस फेस येतो आणि सगळे खूश. अहो, एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवून बसतात. उरतं काय तर कार्बन डायऑक्साइड उडून गेलेलं खारट पाणी. सोडा वेगळा वापरा, तो तेलकटपणा काढतो. व्हिनेगर वेगळं वापरा, ते क्षार काढतं. एकत्र केलंत तर दोन्हीचे पैसे मोरीत. आणि रिठा. मला रिठा फार आवडतो, माझ्या माहेश्वरी साड्या मी त्यातच धुते. पण रिठ्यातलं सॅपोनिन माशांना मारक असतं. पूर्वी ओढ्यात रिठा कुटून टाकून मासे पकडत. म्हणून रिठ्याचं पाणीसुद्धा मी बेतानं वापरते. झाडाला लागलेलं आहे एवढ्यावरून कोणी गरीब गाय ठरत नाही.

साड्यांवरून ट्रंकेवर येते. सासूबाईंच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असायच्याच. ट्रंक उघडली की सगळ्या खोलीला सरकारी रेकॉर्ड रूमचा वास. त्या गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. हा पदार्थ हवेत उडतो म्हणूनच कसर मरते आणि म्हणूनच तो आपल्या नाकातही जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातलंय. पण त्याहून तातडीची गोष्ट बाळांची. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला ट्रंकेतून काढलेलं, गोळ्यांचा वास मुरलेलं झबलं घातलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते, धोक्याच्या पातळीपर्यंत. आणि आपल्यात बारशाला नेमकं काय काढतात? पणजीच्या साडीचं झबलं, आजीच्या ट्रंकेतलं दुपटं.

नातीच्या बारशाच्या आधी मी हे सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं वाद होईल. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या? भाद्रपद सरला की ऊन दाखवायचो आणि कडुलिंबाचा पाला घालायचो." म्हणजे गोळ्याच मध्ये कधीतरी आगंतुक शिरल्या होत्या. आता शरद ऋतूतल्या उन्हात दोन दिवस कपडे गच्चीवर पडतात. रेशीम सावलीत, आतून उलटं करून, बाकीचं उन्हात. मग मलमलच्या फडक्यात घडी. झबलं धुऊन, वाळवून, वासाचा लवलेश गेल्यावरच बाळाच्या अंगावर घातलं.

उदबत्तीवर मात्र आमचं जुळायला वेळ लागला. धूर तो धूर, तो चंदनाचा असला तरी सूक्ष्म कण सोडतोच, आणि सासूबाईंना दम्याची तक्रार. मी हे समजावू लागले तर उत्तर आलं, "देवाला काय तुझ्या लॅबोरेटरीत बसवलाय का?" यावर काय बोलणार. तह असा झाला की धुपाचे कोन बंद, उदबत्ती एक, ती लावताना देवघराची खिडकी उघडी, संध्याकाळी नुसतं निरांजन. देवाने अजून तक्रार केलेली नाही. डासांच्या कॉइलला तर मी घरात थाराच दिला नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरले. दारं-खिडक्या लावून, पाळण्याखाली ती लावणारी घरं मी पाहिली आहेत. खिडक्यांना जाळी, वर पंखा, पलंगाला मच्छरदाणी, आणि कूलरचं पाणी आठवड्याला ओतून कोरडं करणं. मच्छरदाणी लावायचा कंटाळा येतो, मान्य. पण रात्री डोकं जड होत नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे प्यायला नर्मदेचं पाणी, ते १९७८ पासून इंदूरला येतंय, आणि धुण्याला बोअरचं. बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साय येते, मग बाई आणखी साबण ओतते. त्याऐवजी आधी चमचाभर धुण्याचा सोडा टाकला की तो कॅल्शियम खाली बसवतो आणि पावडर निम्मी पुरते. सोड्याने हात रखरखतात, म्हणून सुगनबाईंसाठी खुंटीला हातमोजे टांगलेत. पहिल्यांदा लाजल्या, आता ते न धुता ठेवले तर मलाच रागावतात. निम्मी पावडर वाचली म्हणजे पैसे वाचले हे खरंच, पण आमच्या मोरीचं पाणी शेवटी कान्ह नदीच्या दिशेनं जातं आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. शुद्धीकरणाची केंद्रं आहेत शहरात, पण त्यांच्यावर किती लादायचं? माझ्या माहेरची माणसं उज्जैनला आहेत आणि पर्वणीला क्षिप्रेत डुबकी मारतात. आमच्या चादरींचा मळ त्यांच्या डोक्यावर नको.

शेवेचा प्रश्न मी असा सोडवला. इंदुरी माणूस पोह्यांवर, भाजीवर, वरणावर, वेळ पडली तर नुसत्या भातावरही शेव घालतो, आणि शेवेची चकाकती पाकिटं कशातच धड जात नाहीत, कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. नमकीनवाल्याकडे स्टीलचा डबा घेऊन गेले. त्याने आधी माझ्याकडे, मग डब्याकडे पाहिलं. "आंटी, डिब्बे का वजन काट दूँ?" म्हटलं, काटायलाच हवं. आता तो मला लांबून बघूनच काटा शून्य करतो. जिलबी आणि पोहे वर्तमानपत्रात घेणं तर तसंही सोडा. छपाईच्या शाईमुळे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८च्या पॅकेजिंगच्या नियमांत अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाईच केली आहे. गल्लीतले ठेले अजून बांधतात. मी डबा पुढे करते.

एवढं करूनही सहाव्या कप्प्यात टाकायला काही उरतंच. सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सुया. त्या सुक्या कचऱ्यात गेल्या तर छाटणी करणाऱ्या बाईच्या बोटात जातील, तेव्हा जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, वर लाल पट्टी. बरणी भरली की गाडीवरच्या माणसाच्या हातात, सांगून. त्यालाही आता ती ओळखू येते. पाऱ्याचा थर्मामीटर "तोच खरा ताप सांगतो" म्हणून सासूबाईंनी जपून ठेवला होता; तो न फुटता, डबीत घालून दिला आणि डिजिटल आणला. जुन्या सीएफएलमध्येही पारा असतो, मिलिग्रॅममध्ये असला तरी. फुटली तर झाडूने पसरवायची नाही, खिडकी उघडून जाड पुठ्ठ्याने गोळा करायची, बारीक कण चिकटपट्टीने उचलायचे. मुदत संपलेल्या गोळ्या कमोडमध्ये ओतणारे सुशिक्षित लोक मला ठाऊक आहेत. औषधं बनवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला ते बघवत नाही. जिवाणूंना प्रतिजैविकांची चव लावायला नदी हीच राहिली होती का?

आणि एक बाटली मी ठेवली आहे, लपवत नाही. ब्लीचची, मूळ लेबलसकट, वरच्या फळीवर. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या तर जंतू मारायला लिंबाच्या साली चालत नाहीत. तेवढ्यापुरती ती खाली येते, एकटी वापरली जाते आणि परत वर जाते.

राहता राहिली घासणी. हिरवी नायलॉनची घासणी झिजते म्हणजे जाते कुठे? थोडी मोरीत, थोडी ताटात. गच्चीवर ग्रो-बॅगमध्ये मी गिलकीचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल लावते, आषाढात. कोवळी गिलकी भाजीला, पण शेवटची चार-पाच वेलावरच सोडून द्यायची. दिवाळीनंतर ती तपकिरी होतात, हलकी होतात आणि हलवली की आत बिया खुळखुळतात. मग टोक मोडायचं, काळ्या बिया झटकून काढायच्या, पाण्यात भिजत ठेवलं की साल हाताने सोलून निघते. आत जाळीच जाळी. कोमट पाण्यात खळबळून, उन्हात वाळवून, पावाच्या सुरीने पेरापेराएवढे तुकडे. महिनाभर भांडी घासतात, नॉनस्टिकलाही ओरखडा नाही, आणि झिजले की ओल्या कचऱ्यात. म्हणजे परत बसमध्ये.

यंदा संक्रांतीला मी वाण म्हणून हेच लुटलं. दरवर्षी हळदीकुंकवाला जे मिळतं त्याने माझी एक अख्खी खोकी भरली होती: प्लास्टिकच्या चाळण्या, साबणदाण्या, झाकण न बसणारे डबे, गुलाबी कंगवे. गंमत म्हणजे यातल्या निम्म्या वस्तू मीच कोणालातरी दिलेल्या असाव्यात आणि फिरून माझ्याकडे आलेल्या. तर तिळगुळाबरोबर प्रत्येकीला कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून, गिलकीचे दोन तुकडे. समोरच्या मल्टीतल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या, वहिनींनी पुडी तिथेच सोडली. "अगं, हे काय? भाजी वाळवून दिलीस?" सगळ्या हसल्या. सासूबाई मागून म्हणाल्या, "फोडणी देऊ नका म्हणजे झालं."

फाल्गुनात त्याच वहिनींचा फोन आला की संपली, आणखी आहे का. होती, पण देण्याइतकी नव्हती, म्हणून बिया दिल्या आणि पाऊस लागला की पेरा म्हणून सांगितलं. त्यांच्या मल्टीत गच्चीला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे राहावी आणि गिलकीच्या वेलाने टाकीच्या पाइपवर चढावं की नाही, यावर त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जोरात भांडण चालू आहे.